सही कुणाची, इच्छा कुणाची?

नवरा आयसीयूत व्हेंटिलेटरवर. डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, "पुढं काय करायचं?" प्रश्न जातो दिराकडं, थोरल्या मुलाकडं, सोबत आलेल्या कार्यकर्त्याकडं. जिनं तीस वर्षं संसार केला ती बाकड्यावर. तिच्यासमोर शेवटी फक्त सहीचा कागद येतो. आपल्या वस्त्यांत हे आम्ही पुष्कळदा पाहिलं. बायको आजारी असली की नवऱ्याला मात्र कुणी बाकड्यावर बसवत नाही.

आमचं म्हणणं असं, की सही जोडीदारानंच करावी, आणि तीही स्वतःला किंवा भावकीला काय वाटतं म्हणून नव्हे. माणूस शुद्धीवर असता तर त्यानं काय सांगितलं असतं, एवढंच विचारावं. पण दोघं त्यावर कधी बोललेच नसतील तर तीही अंदाजच करणार. मग "मीच मारलं का?" हा सल वर्षानुवर्षं.

अंगुत्तर निकायात नकुलपिता आजारी पडतो तेव्हा नकुलमाता सांगते, काळजी मनात ठेवून जाऊ नका, सूत कातून मी मुलांना सांभाळीन. तो पुढं बरा झाला हा भाग वेगळा. आपल्याकडं विषय काढला की "अशुभ बोलू नको". शुभ-अशुभ आपण १९५६ सालीच सोडलं ना?

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सन्मानानं मरणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. सुई देऊन मारणं नव्हे. बरं होण्याची आशा नसताना मशीन थांबवणं. आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. असा कागद नसला तरी डॉक्टरांची दोन मंडळं आणि घरच्यांची संमती यांतून निर्णय होऊ शकतो.

आता पैसा. बिल झेपत नाही म्हणून "आमच्या जबाबदारीवर घरी नेतो" असं लिहून दिलं, तर ती रुग्णाची इच्छा नव्हे, ती गरिबी आहे. त्या बाईला बोल लावू नका. सहीआधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. आणि मशीन काढलं तरी वेदनेचं औषध थांबत नाही, ते मागून घ्या. शेवटच्या अवस्थेतल्या कॅन्सर रुग्णांना वांद्र्याचं शांती आवेदना सदन विनामूल्य सांभाळतं.