‘मॅनेज केलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

आज जरा भाषेवर लिहितोय. गाडी शेवटी लाचेच्या विषयावर जाणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

इंग्रजी क्रियापद मराठीत आलं की त्याला ‘करणे’ नाहीतर ‘होणे’ जोडायचं, काम झालं. ॲडजस्ट करा, सेट झालं, क्लिअर करून घ्या. पण आपल्या कात्रजमध्ये सगळ्यात जास्त राबतं ते ‘मॅनेज’. दत्तनगर ते मांगडेवाडी, कुठल्याही टपरीवर दहा मिनिटं उभे राहा आणि ऐका.

सोसायटीतल्या काकू म्हणतात, “टँकर परवा येणार, तोवर मॅनेज करतोय.” रिक्षावाले दादा म्हणतात, “सुट्टे नाहीत, तुम्हीच मॅनेज करा.” नोकरी, सासूबाईंचं आजारपण आणि मुलाची दहावी हे सगळं एकटीने ओढणारी बाई म्हणते, “होतं मॅनेज.” इथपर्यंत ठीक. यात काटकसर आहे, ओढाताण आहे, थोडं दुखणंही आहे.

आता त्याच टपरीवरची पुढची वाक्यं. “साहेबांना मॅनेज केलं, फाईल हलली.” “मॅच मॅनेज होती.” “समोरचा उमेदवार मॅनेज झाला, अर्ज मागे घेतला.” आणि आमच्या धंद्याबद्दल, “बातमी आली नाही ना? पत्रकार मॅनेज झाले असतील.” (हे शेवटचं वाक्य मला तोंडावर ऐकवणारेही आहेत. ऐकून घेतो. सगळ्याच वेळा ते चुकीचे नसतात.)

आक्षेप इथे आहे. काकूंनी चार हंडे पाण्यात दोन दिवस काढले आणि कुणीतरी पाकीट सरकवलं, या दोन्हीला आपण एकच क्रियापद वापरतो. काकूंच्या कष्टाला जो मान आहे तो फुकटात पाकिटाला मिळतो.

गंमत म्हणजे या शब्दाचं मूळ हातात आहे. इटालियनमध्ये घोडा हाताळण्यासाठी, त्याला वळण लावण्यासाठी जो शब्द होता तिथून तो इंग्रजीत आला, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला ‘हात’. आपलं ‘हाताळणे’ही हातातूनच आलं आणि ‘हात ओले करणे’ही. पण आपल्या जुन्या शब्दांना वास होता. लाच, चिरीमिरी, वरकमाई. “लाच दिली” म्हणताना माणूस आजही आवाज खाली आणतो. “मॅनेज केलं” म्हणताना कॉलर वर जाते. शब्दकोशात मॅनेजमेंटला ‘व्यवस्थापन’ आहे, पण “साहेबांचं व्यवस्थापन केलं” असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं की बातमीत आधी कर्ता शोधा. ‘मॅनेज झाला’मध्ये कर्ताच गायब. कुणी केला, कितीला केला, कशासाठी केला? काही नाही. आपोआप पाऊस पडावा तसा तो ‘झाला’.

आणि साधं, घरगुती ‘मॅनेज’ही वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटरचा ठरला, भूसंपादन होईना म्हणून ५० मीटरवर आला. काम २०१८ पासून ऐकतोय. त्यावर रोज जाणारा माणूस म्हणतो, “मॅनेज करतो, अर्धा तास आधी निघतो.” महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. तेही आपण मॅनेज केलं. ज्याने व्यवस्था करायची त्याच्या वाट्याचं काम आपण अंगावर घेतलं आणि वर त्याचं कौतुकही करून घेतलं. याच कात्रजमध्ये नानासाहेब पेशव्यांच्या काळात तलाव बांधून नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं होतं. त्याला व्यवस्था म्हणतात. तिथून हाकेच्या अंतरावर आज टँकरची वाट बघणं, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

कायद्याला मात्र ‘मॅनेज’ कळत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करायची, म्हणजे सुटका. “सगळेच मॅनेज करतात ओ” हे कोर्टात उत्तर होत नाही. हे किती जणांना माहीत आहे? मी विचारलं तेव्हा बहुतेकांना वाटत होतं की घेणारा अडकतो, देणारा बिचारा.

माझ्याकडे बातमी घेऊन येणाऱ्यांना मी आता एक अट घालतो. ‘मॅनेज’ शब्द न वापरता सांगा. परवा एक जण पाच मिनिटं अडखळला आणि मग म्हणाला, “म्हणजे पैसे मागितले हो, दहा हजार.” आता ही बातमी झाली.

कमेंटमध्येही तसंच लिहा. कामासाठी कुणी पैसे मागत असेल तर देण्याआधी लाचलुचपत विभागाला फोन करा. टोल-फ्री नंबर १०६४.