‘किमान देय’ रकमेचा चकवा

गृहकर्ज घ्यायचे झाले तर मध्यमवर्गीय कुटुंब चार वेळा विचार करते. हप्ता पगारात बसेल का, मुलांच्या शिक्षणाला काही उरेल का, याचा हिशेब घरात मांडला जातो. क्रेडिट कार्ड मात्र असा कोणताही विचार न होता घरात येते. वस्तुतः तेही कर्जच आहे, आणि बँका देत असलेल्या कर्जांपैकी सर्वांत महागड्या कर्जांत त्याची गणना होते.

कार्डाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. दर महिन्याचे बिल देय तारखेपर्यंत पूर्ण फेडणाऱ्यास काही आठवड्यांची बिनव्याजी मुदत मिळते. अशा शिस्तशीर ग्राहकाकडून बँकेला व्याजाचा एक रुपयाही मिळत नाही. बँकेच्या व्याजाचा स्रोत असतो तो बिलावरील ‘किमान देय रक्कम’ हे शब्द वाचून निश्चिंत होणारा ग्राहक.

एक हिशेब पाहावा. बिल ५०,००० रुपयांचे आहे आणि किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये आहे. तेवढी भरली की विलंब शुल्क टळते. उरलेल्या ४७,५०० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के दराने एका महिन्याचे व्याज होते सुमारे १,६६२ रुपये. त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी सुमारे ३०० रुपये. अडीच हजार रुपये भरूनही देणे घटले ते अवघे साडेपाचशे रुपयांच्या आसपास! दरमहा साडेतीन टक्के हा आकडा लहान वाटतो. वर्षाचा दर मात्र ४२ टक्के होतो, आणि व्याजावर व्याज धरल्यास तो ५० टक्क्यांच्याही पुढे जातो. सावकारीच्या नावाने बोटे मोडणाऱ्या समाजाने हा आकडा डोळसपणे पाहिला पाहिजे.

मागील बिलाची बाकी राहिली की बिनव्याजी मुदतही संपुष्टात येते. त्यानंतर कार्डावर घेतलेल्या किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. कार्डावर एटीएममधून रोख काढल्यास तर ही मुदत मुळातच नसते. त्याच दिवसापासून व्याज, शिवाय रोख काढण्याचे वेगळे शुल्क.

व्याजाला कायद्याचा लगाम असेल, या भ्रमातही कोणी राहू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. याचा अर्थ, ग्राहकाचे पहिले संरक्षण त्याची स्वतःची जागरूकता हेच आहे.

या जागरूकतेला नियमांचा आधार मात्र आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार मागणीवाचून कार्ड देण्यास मनाई झाली. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला तरच विलंब शुल्क लावता येईल, असे ठरले. बाकी नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण न केल्यास दिवसाला ५०० रुपये दंड बँकेवर बसवण्यात आला. केवळ किमान रक्कम भरल्यास परतफेड वर्षानुवर्षे लांबते, हा इशारा बिलावर छापणेही बंधनकारक झाले.

याच निर्देशांत कार्डाच्या अटी सोप्या आणि ग्राहकास समजेल अशा भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत असाव्यात, असेही म्हटले आहे. या ‘शक्यतो’ शब्दाच्या आडोशाने मराठी बाजूला पडते आणि बारीक अक्षरांतील इंग्रजी मजकुरावर मराठी माणूस डोळे झाकून सही करतो. ज्या अटींनी घराची बचत पणाला लागते, त्या घराच्या भाषेत मिळाल्याच पाहिजेत. शाखेत जाऊन मराठी प्रत मागणारे ग्राहक वाढले, तर तो ‘शक्यतो’ फार काळ टिकणार नाही.

जे आधीच या चक्रात सापडले आहेत, त्यांनी प्रथम कार्डावरील नवी खरेदी थांबवावी. साध्या वैयक्तिक कर्जाचा दर बहुधा याहून बराच कमी असतो. ते घेऊन, वा मुदत ठेव मोडून, कार्डाची बाकी एकदाच मिटवणे शहाणपणाचे. लाजेपोटी घरच्यांपासून ही बाकी लपवणे सर्वांत घातक. कारण उशीर पतमाहिती संस्थांकडे नोंदला जातो आणि उद्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी तीच नोंद आडवी येऊ शकते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण जुनी असली तरी कालबाह्य झालेली नाही. महिला मंडळे, गृहनिर्माण संस्था आणि वाचनालये यांनी एखादी संध्याकाळ कार्डाचे बिल वाचायला शिकवण्यासाठी राखून ठेवली, तर अनेक घरांची पुंजी वाचेल. बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात. त्यांपैकी मोठी भरण्याची ऐपत असेल, तेवढीच खरेदी कार्डावर व्हावी.