तळ्याकांठची वाट आणि सायकल

शरीर बळकट असावें, मन प्रसन्न असावें आणि सृष्टीशीं आपली ओळख असावी, या तीन गोष्टींविषयीं शाळेंत व घरीं उपदेश पुष्कळ होतो. परंतु या तिन्ही एकाच वेळीं साधून देणारें साधन जिन्याखालीं धूळ खात पडलें असतां त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तें साधन म्हणजे सायकल. आणि तिला साजेसें क्षेत्र म्हणजे आपल्या ठाणें शहरांतील तळीं व त्यांच्या पाठीमागची येऊरची वनराजी. वागळे इस्टेटींतील प्रत्येक मुलाला व मुलीला तळ्याकांठच्या सोप्या वाटेवर सायकल चालवितां आली पाहिजे, आणि ती त्यांना निर्भयपणें चालवितां यावी अशी व्यवस्था करणें हें वडील मंडळींचें कर्तव्य आहे, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें येथें थोडक्यांत मांडितों.

प्रथम आपल्या स्थानाचा विचार करूं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें, व त्याच्या पहिल्या वसाहतींत वागळे इस्टेटीची गणना होते. येथील कारखान्यांत कामास जाणाऱ्या कितीएक कुटुंबांचें पहिलें वाहन सायकलच होतें. दांडीला डबा अडकवून भोंग्याच्या आधीं फाटक गांठणारे आजोबा अनेकांच्या घरीं असतील. आज पुष्कळ कारखान्यांच्या जागीं कांचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आहेत आणि रस्ते मोटारींनीं व्यापले आहेत. अशा वस्तींत वाढणाऱ्या मुलाला वाटतें कीं, आपल्या वांट्यास धूर आणि भिंती एवढेंच आलें आहे. पण तें खरें नव्हे. ठाण्यास तलावांचें शहर म्हणतात, व आजही येथें तीसांहून अधिक तलाव मोजतां येतात. मासुंदा व कचराळी शहराच्या मध्यभागीं आहेत. रायलादेवी तर आपल्या वसाहतीच्या अगदीं उशाशीं आहे. आणि तेथून सुमारें चार किलोमीटरांवर, येऊरच्या पायथ्याशीं, उपवन तलाव आहे. त्याच्या मागें जो हिरवा डोंगर चढत जातो तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग होय. शंभर चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचें असें अरण्य एवढ्या मोठ्या नगरांच्या कुशींत असणें ही जगांतही दुर्मिळ गोष्ट आहे.

आतां सायकलीविषयीं. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत कांहीं तरुणांनीं जुन्या, जाड धांवांच्या सायकली दुरुस्त करून डोंगरांतील मातीच्या वाटांवर नेण्यास आरंभ केला, व त्यांतून डोंगरी सायकल जन्मास आली. तिचीं चाकें रुंद, धांवांवर उंचवटे, ब्रेक जोरदार आणि चढासाठीं हलके गिअर. पुढें या खेळास शर्यतींचें व धाडसी उड्यांचें स्वरूप आलें, आणि त्याचीं चित्रें पाहून आपल्या मुलांस वाटूं लागलें कीं, कड्यावरून उडी मारीत नाहीं तो सायकलस्वारच नव्हे. या समजुतीस आमचा विरोध आहे.

सोपी वाट ही दुबळ्यांची वाट नव्हे. पाण्याच्या कांठानें, झाडांच्या सावलींतून, मंद गतीनें जाणारास जें दिसतें तें वेगानें उतरणारास दिसत नाहीं. तळ्याच्या कडेला ध्यानस्थ बसलेला बगळा, बुडी मारून वर येणारा पाणकावळा, फाल्गुनांत पेटल्यासारखा दिसणारा पळस, पहिल्या पावसानंतर सागाला फुटणारीं रुंद पानें, हीं सर्व हळू जाणाराच्या ठेवी आहेत. येऊरच्या रानांतील कारवी आठ वर्षांतून एकदांच फुलते. ती २०१६ सालीं फुलली, २०२४ सालीं फुलली, आणि आतां २०३२ सालीं फुलावयाची. २०२४ सालीं जो दुसरीच्या वर्गांत होता, तो त्या वेळीं दहावींत असेल! ज्याच्या संपूर्ण शालेय जीवनांत हा सोहळा फार तर दोनदां यावयाचा, त्यास तो पाहण्यापुरती तरी मंद गति आपण शिकविली पाहिजे. शिवाय तोल सांभाळणें, चढावर दम राखणें, उतारावर दोन्ही ब्रेक हलक्या हातानें दाबणें आणि पुढील खड्डा आधींच ओळखणें हे धडे सोप्या वाटेवरच पक्के होतात. पाया कच्चा ठेवून कळस चढविणारा जसा फसतो, तसाच सपाट वाट न शिकतां डोंगर उतरणाराही फसतो.

येथें पालकांच्या मनांत येणाऱ्या शंका उपेक्षणीय नाहींत.

पहिली शंका खर्चाची. परंतु तळ्याकांठच्या वाटेस लाखाच्या घरांतील सायकल लागत नाहीं. धांवा धड, ब्रेक घट्ट, साखळीस तेल आणि डोक्यास शिरस्त्राण एवढें असलें कीं साधी सायकल पुरे होते. १९२३ सालीं मुंबईहून निघून १९२८ सालीं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगारा या तीन पारशी तरुणांच्या सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते. त्यांनीं सुमारें ७१,००० किलोमीटर प्रवास केला; आपणांस तर केवळ उपवनापर्यंत जावयाचें आहे.

दुसरी शंका मुलींविषयींची. बिहार सरकारनें २००६ सालीं शाळकरी मुलींस सायकली देण्याची योजना सुरू केली, आणि जेथें मुलगी सायकलीवर बसणें नवलाचें होतें, तेथें मुलींचे थवे शाळेकडे जाऊं लागले. जें खेड्यांतील मुलींस साधलें तें शहरांतील मुलींस नाकारण्याचें कारण नाहीं.

तिसरी शंका अभ्यासाची. आठवड्यांतून एका सकाळचे दोन तास घालविल्यानें परीक्षा बुडत नाहीं. बुडते ती आळसानें व रात्रीच्या जागरणानें.

चौथी शंका मात्र गंभीर आहे, ती धोक्याची. पालक म्हणतात, रानांत बिबट्या आहे. आहे, हें खरें. तें त्याचें घर आहे. परंतु शांतपणें विचार केल्यास दिसेल कीं, वागळे इस्टेटींतील मुलाला बिबट्यापेक्षां अधिक भय उपवनापर्यंतच्या चार किलोमीटरांचें आहे. मालमोटारी, घाईंतील दुचाक्या, अर्धा रस्ता अडवून उभ्या केलेल्या गाड्या आणि मध्येंच उघडीं पडलेलीं गटारें हीं त्याचीं खरीं श्वापदें. रानाचें भय दाखवून आपण मुलास घरीं बसवितों, पण रस्त्याचें भय दूर करण्यास कोणी पुढें होत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, रायलादेवीपासून उपवनापर्यंत सायकलींसाठीं एक अरुंद पण अखंड व सुरक्षित पट्टा राखून ठेवावा. आणि तें होईपर्यंत निदान रविवारीं सकाळीं सहापासून आठपर्यंत तरी त्या मार्गावर मोटारींची वर्दळ कमी करावी. अशी मागणी पालकांनीं एकत्र येऊन नगरपालकांपुढें मांडिली, तर ती अवास्तव ठरूं नये.

याच ठिकाणीं दुसऱ्या बाजूचाही विचार सांगितला पाहिजे. कोणी उत्साही म्हणतील, अरण्यांत सायकलींसाठीं नव्या वाटा पाडाव्या. यास आमचा स्पष्ट नकार आहे. राष्ट्रीय उद्यान हें क्रीडांगण नव्हे. त्यांतील विहार व तुळशी या तलावांचें पाणी मुंबई पिते; तेथील पाड्यांवर वारली बांधव पिढ्यानपिढ्या राहतात; आणि पावसाळ्यांत एका चाकानें पाडलेली चाकोरी दुसऱ्या पावसांत ओहोळ होऊन डोंगराची माती वाहून नेते. म्हणून वनखात्यानें ज्या रस्त्यास मोकळीक दिली असेल त्यावरच जावें, दिवस मावळण्यापूर्वीं परतावें, गाणीं वाजवूं नयेत, पाड्यांतील अंगणें ही प्रेक्षणीय स्थळें समजूं नयेत, आणि पावसाळ्यांत ओढ्याच्या पाण्यांत उतरूं नये. ज्यास एवढा संयम नाहीं, त्यानें रायलादेवीच्या कांठींच फेऱ्या घालाव्या. तेथेंही पाणी आहे, पक्षी आहेत, आणि पहांट तीच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडे आमची मागणी एवढीच. एकटे जाऊं नका. चार-पांच जण मिळून, घरीं सांगून, शक्य तर आई, वडील, मामा यांपैकीं कोणास बरोबर घेऊन जा. सर्वांत हळू चालणारास पुढें ठेवा, म्हणजे कोणी मागें राहणार नाहीं. आणि पालकांस विनंति अशी कीं, मुलास सायकल विकत घेऊन दिल्यानें आपलें कर्तव्य संपलें असें मानूं नये. एका रविवारीं आपणही सायकल काढावी. गुडघे कुरकुरतील, दम लागेल; पण जें तळें आपण गाडीच्या खिडकींतून वर्षानुवर्षें ओझरतें पाहिलें, त्याच्या कांठीं मुलाच्या शेजारीं उभें राहण्याचें समाधान त्याहून मोठें आहे. मुलें लवकर मोठीं होतात आणि शहरांतील तळीं लवकर बुजतात. ज्या तळ्यावर मुलांचें प्रेम जडलें, तें बुजवूं देण्यास तीं मुलें मोठेपणीं सहज राजी होणार नाहींत. तळीं राखण्याचा याहून स्वस्त व खात्रीचा उपाय आम्हांस दिसत नाहीं.