वरुड-मोर्शीपासून अकोटपर्यंत : संत्र्याची झाडं अचानक का वाळतात?

संत्र्याची बाग वाळली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: पाणी कमी पडलं. २०१९ च्या उन्हाळ्यात ते खरंही होतं. वरुड-मोर्शी भागात विहिरी आणि बोअर आटले आणि उभ्या बागा वाळल्या. पण २०२२ सारख्या अतिवृष्टीच्या वर्षानंतरही झाडं वाळतातच. पाणी नसताना झाड मरतं आणि पाणी जास्त झालं तरी मरतं, हे कसं?

दोन्ही वेळी मार बसतो तो मुळांवर. झाडाला पाणी आणि अन्न पुरवतात ती वरच्या थरातली बारीक तंतुमुळं. ती गेली की जमिनीत ओल असूनही झाड तहानलेलंच राहतं.

काळी जमीन आणि फायटोफ्थोरा

अमरावती-अकोल्याच्या अनेक बागा भारी काळ्या जमिनीत आहेत. या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. पावसाळ्यात पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही. त्याच ओलीत फायटोफ्थोरा ही बुरशी वाढते. तिचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात, त्यामुळे पाटाच्या पाण्याबरोबर रोग एका झाडाकडून दुसऱ्याकडे सरकतो. मुळं कुजतात, बुंध्यातून डिंक गळतो. यालाच आपण मूळकूज आणि डिंक्या म्हणतो.

मग झाड ‘अचानक’ का वाळतं?

खरं तर ते अचानक वाळत नाही. मुळं कुजतात पावसाळ्यात. तेव्हा हवा दमट असते, पानांतून पाणी कमी उडतं आणि अर्ध्या मुळांवरही झाड हिरवं दिसतं. ऑक्टोबरचं ऊन तापलं किंवा फळांचा भार वाढला की उरलेल्या मुळांना ते झेपत नाही. कधी कधी असं झाड अवेळी भरभरून फुलतं. ते फुलणं समाधानाचं नव्हे, धोक्याचं लक्षण असू शकतं.

बहारासाठी दिलेला ताण लांबला तरी नुकसान होतं. भारी जमीन भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात.

कारण ओळखायचं कसं?

फांद्यांच्या परिघाखाली वीतभर उकरून तंतुमुळं पाहा. निरोगी मूळ पिवळसर पांढरं आणि घट्ट असतं. कुजलेल्या मुळाची साल बोटांत निसटते आणि आत दोऱ्यासारखा भाग उरतो. बुंध्याला डिंक असेल तर तिथली साल खरवडून आतला रंग तपासा.

मुळं चांगली असूनही एखादीच फांदी पिवळी पडत असेल, पानांवर दोन्ही बाजूंना सारखे नसलेले पिवळे डाग असतील आणि फळं वेडीवाकडी येत असतील, तर ग्रीनिंगची शंका घ्यावी. नवतीवर येणारी सायला कीड हा रोग पसरवते आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. सालीवर भुसा आणि जाळी दिसली तर साल खाणारी अळी शोधावी.

चूक कुठे महागात पडते?

पानं पिवळी दिसली की पाणी आणि खत वाढवलं जातं. मूळकूज असेल तर हे जादा पाणी रोगालाच पोसतं. त्याऐवजी साचलेल्या पाण्याला चर काढून वाट द्यावी. दुहेरी आळे करावं, म्हणजे पाणी बुंध्याला लागत नाही. पावसाळ्याआधी बुंध्याला बोर्डो पेस्ट लावावी. बुरशीनाशक मात्र निदान झाल्यावरच, अकोल्याचं कृषी विद्यापीठ किंवा नागपूरची लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यांच्या शिफारशीने वापरावं.

प्रश्न रोपापासूनच सुरू होतो

रोग अनेकदा रोपासोबतच बागेत येतो. रोगट मातीत वाढलेलं रोप पहिली काही वर्षं चांगलं दिसतं. जंबेरी खुंट मूळकुजीला लवकर बळी पडतो, रंगपूर लाइम तुलनेने तग धरतो. म्हणून शेंदुरजनाघाटसारख्या रोपवाटिकांच्या गावांतून रोप घेताना खुंट कोणता, डोळा किती उंचीवर बांधला आणि माती निर्जंतुक केली होती का, हे विचारायलाच हवं.

कारण इथे नुकसान एका हंगामाचं नसतं. नवं झाड उत्पन्नावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. फळपीक विमा पाऊस आणि तापमानाच्या निकषांवर चालतो, मुळं कुजून मेलेलं झाड त्यात बसत नाही. रोपवाटिकांची काटेकोर तपासणी आणि तालुक्याच्या ठिकाणी मुळं-माती तपासण्याची सोय झाली, तर बागा तोडण्याची वेळ कमी शेतकऱ्यांवर येईल.