सुटीतील अभ्यासवर्ग : मागे राहिलेल्यांचा महिना

वार्षिक परीक्षा आटोपतात, महाराष्ट्र दिनाच्या सुमारास निकाल हाती पडतो आणि शाळांना कुलपे लागतात. विदर्भ वगळता उर्वरित महाराष्ट्रात ती उघडतात जूनच्या मध्यावर. या काळात पनवेलच्या खांदा कॉलनीतून सहज फेरफटका मारला, तरी विजेच्या खांबांवर आणि सोसायट्यांच्या फाटकांवर सुटीतील शिकवणीचे फलक दिसू लागतात. नववीतून दहावीत जाणाऱ्यांसाठी, दहावीनंतर अभियांत्रिकी वा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेकडे वळणाऱ्यांसाठी, जे आधीच पुढे आहेत त्यांना आणखी पुढे नेण्यासाठी. मात्र चौथीचा निकाल हाती घेऊनही ज्याला जोडाक्षरे अडखळवतात, हातच्याची वजाबाकी जमत नाही, त्या मुलासाठी कुठेही फलक लागत नाही. सुटीतील शिकवणीची ज्याला सर्वांत अधिक निकड आहे, त्याच्या दारापर्यंत ती पोहोचतच नाही. हा प्रश्न बाजारपेठेवर सोपवून चालणार नाही. तो समाजाने उचलायचा प्रश्न आहे.

एकाच वसाहतीतील तीन घरे

खांदा कॉलनी म्हणजे नवीन पनवेलचा पश्चिमेकडील भाग. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या नव्या शहराचा हा एक कोपरा. हार्बर मार्गावरचे खांदेश्वर स्थानक, खांदेश्वराचे मंदिर आणि तलाव, एका अंगाला शीव-पनवेल महामार्ग, अशी तिची ओळख. इथे सुटी लागली की तीन प्रकारच्या घरांत ती तीन प्रकारे येते.

पहिले घर नोकरदाराचे. तेथील मुले आजोळी जातात, पोहायला शिकतात, शिबिरांना जातात. घरात पुस्तके असतात आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस असते. शाळा बंद असली तरी त्यांचे शिक्षण बंद होत नाही. दुसरे घर खांदा गाव, आसूडगाव यांसारख्या मूळ गावांतील भूमिपुत्राचे. नव्या शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांची आता तिसरी पिढी शाळेत आहे. तिसरे घर उदरनिर्वाहासाठी आलेल्या श्रमिकाचे. मराठवाड्यातून, उत्तर कर्नाटकातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली ही कुटुंबे आपल्या इमारती बांधतात, आपल्या घरची धुणीभांडी करतात, रिक्षा चालवतात. या घरातील मूल सुटीत धाकट्या भावंडांना सांभाळते, नाहीतर दिवसभर मोबाइलच्या पडद्यापुढे बसते. आईवडिलांची इच्छा नसते असे नाही. वेळ नसतो आणि अनेकदा स्वतःचे शिक्षणही पुरेसे नसते.

पहिल्या घरातील सुटी मुलाला समृद्ध करते. तिसऱ्या घरातील सुटी मात्र त्याच्याजवळ जे थोडेफार असते, त्यालाही गळती लावते. शाळा चालू असताना दोघे एकाच बाकावर बसत असतात. दरी रुंदावते ती शाळा बंद असताना.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९८२ पासून काही शेकडो मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या संशोधकांनी हाच निष्कर्ष मांडला होता. पुढील काळातील काही अभ्यासकांनी त्या मोजमापावर प्रश्न उपस्थित केले आणि ही गळती सर्वत्र सारखी नसल्याचे दाखवून दिले. त्यामुळे परदेशी आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू करण्याचे कारण नाही. आपल्या देशातील चित्र पुरेसे बोलके आहे. 'असर' या देशव्यापी पाहणीनुसार २०२४ मध्ये ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मधील १६.३ टक्क्यांच्या तुलनेत ही सुधारणा आहे. तरीही याचा सरळ अर्थ असा, की चारपैकी तीन मुले त्या इयत्तेला अपेक्षित वाचनापर्यंत पोहोचलेली नाहीत.

शाळेचे घड्याळ थांबते तेव्हा

असे मूल मागे राहते आणि मग मागेच का राहते? शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. पण तिसरीच्या वर्गावर तिसरीचे पुस्तक एप्रिलपर्यंत संपवण्याची जबाबदारी असते. वेलांटी-उकारांत अडलेल्या मुलासाठी शिक्षकाला थांबता येत नाही, कारण मागून पुढचा धडा उभा असतो. पुढच्या वर्षी पुस्तक आणखी कठीण होते. मूल मात्र जिथे होते तिथेच असते. पाचवी-सहावीपर्यंत ते वर्गात नुसते बसायला शिकते. त्यानंतर कधीतरी ते शाळेतून नाहीसे होते आणि त्याची फारशी चौकशी कोणी करत नाही.

उन्हाळ्याची सुटी हा वर्षातील एकमेव काळ असा आहे, की जेव्हा अभ्यासक्रमाचे घड्याळ थांबलेले असते. कोणताही धडा पाठीमागे लागलेला नसतो. मूल ज्या पायरीवर आहे, नेमक्या त्याच पायरीवर त्याच्याशेजारी बसून शिकवण्याची मुभा याच काळात मिळते. सुटीतील शिकवणीचे खरे मोल इथे आहे.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. २००८ च्या उन्हाळ्यात बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनीच महिनाभराचे वर्ग घेतले. मुलांचे गट इयत्तेनुसार न करता त्यांना प्रत्यक्ष काय येते त्यानुसार केले. मुलांच्या वाचनात मोजता येईल अशी प्रगती दिसली. पुढे त्याच धर्तीचे साहित्य आणि प्रशिक्षण शाळेच्या नित्याच्या वेळापत्रकात दिले गेले, तेव्हा मात्र नुसत्या तेवढ्याने फारसा परिणाम साधला नाही. शिक्षक सुटीतही तेच होते आणि शाळेतही तेच. सुटीत त्यांच्या डोक्यावर पुस्तक संपवण्याचे ओझे नव्हते, एवढाच काय तो फरक.

आपल्या मुंबईतील अनुभवही असाच आहे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमात वस्तीतीलच तरुणी महापालिका शाळांतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गाबाहेर घेऊन रोज सुमारे दोन तास शिकवीत. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे त्याचे काटेकोर मूल्यमापन झाले. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि तीही सर्वांत मागे असलेल्यांत अधिक. २०१९ मध्ये नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्या अभ्यासाचे दोन सहलेखक होते. उपक्रम थांबल्यावर त्या प्रगतीचा काही भाग पुसला गेला, हेही त्याच अभ्यासात दिसले. एका उन्हाळ्यावर समाधान मानू नये, हा त्यातून घ्यायचा धडा.

आपली परंपरा, आपली माणसे

शिकलेल्याने शिकणाऱ्याला शेजारी बसवून शिकवणे ही काही आपण बाहेरून आणलेली पद्धत नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत असलेल्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने गावठी शाळांत मोठी मुले लहानांना वाळूवर अक्षरे गिरवायला शिकवताना पाहिली. हीच रीत त्याने इंग्लंडमध्ये नेली आणि तिथे ती 'मद्रास पद्धती' या नावाने रुजली. धर्मपाल यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात ब्रिटिशांच्याच दप्तरांतून देशी शाळांचे जे चित्र उभे केले, त्यातून समाजाच्या आधारावर चालणाऱ्या शिक्षणाची व्याप्ती लक्षात येते.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात वनवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. गुरे राखणारे मूल शाळेत येऊ शकत नाही, तर शाळेनेच कुरणात जावे, एवढा साधा आणि थोर विचार त्यामागे होता. आणि पनवेलकरांनी तर फार लांब पाहण्याचे कारणच नाही. याच तालुक्यातील शिरढोण येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेले आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके आपल्याला त्यांच्या बंडामुळे ठाऊक असतात. पुण्याच्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांतही त्यांचे नाव आहे, हे मात्र आपण विसरतो. शस्त्र हाती घेणाऱ्या या पुरुषाला शाळेचे मोल कळले होते.

खेळाचे काय?

'सुटीत तरी मुलांना खेळू द्या' हा आक्षेप येईल. तो रास्तच आहे. सकाळी दोन तासांपलीकडे अशा वर्गाने जाऊ नये. त्यातही गोष्टी, गाणी आणि खेळ असावेत. पुढील इयत्तेचे पुस्तक मे महिन्यातच संपवण्याची घाई तर कटाक्षाने टाळावी. ती शिकवणी नसून मुलावर लादलेला भार आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग संस्थांत प्रवेश देऊ नये असे सांगितले, ते या स्पर्धेला आवर घालण्यासाठीच.

'हे सरकारचे काम आहे' हा दुसरा आक्षेप. सरकारने आपले काम करावेच. पण शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणली, आणि अनुत्तीर्णांना निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी ठेवली. हे दोन महिने म्हणजे मुख्यतः उन्हाळ्याची सुटीच. पैसेवाल्याच्या मुलाला या काळात शिकवणी मिळेल. श्रमिकाच्या मुलाला कोण शिकवणार? त्याच्या बाबतीत ही संधी कागदावरच राहण्याचा धोका आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये समाजातील प्रत्येक साक्षर व्यक्तीने एकेकाला वाचायला शिकवण्याची अपेक्षा व्यक्त झाली आहे. ही अपेक्षा पूर्ण करणे शासकीय आदेशाने शक्य नाही.

एक मंदिर, वीस मुले, चोवीस दिवस

मग करायचे काय? लागणारी सामग्री फार थोडी आहे. सकाळच्या वेळी मोकळे असणारे मंदिराचे सभागृह किंवा सोसायटीचे कार्यालय. एक फळा, काही गोष्टींची पुस्तके. वीस मुलांमागे दोन शिकवणारे. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी कुठवर वाचता येते ते पाहावे. तसेच अंकओळख, वजाबाकी आणि भागाकार यांचेही. त्यावरून गट करावेत आणि इयत्ता विसरावी. आठवड्याचे सहा दिवस, चार आठवडे. शेवटच्या दिवशी पहिल्या दिवसाचीच चाचणी पुन्हा घ्यावी, म्हणजे आपण काय केले ते आपल्यालाही कळेल.

दहा दिवस, रोज दोन तास, या हिशेबाने संस्कृत भारतीने देशभर संभाषण वर्ग चालवले आणि संस्कृतचा गंध नसलेल्यांना बोलते केले. थोड्या दिवसांत, पण नेमाने आणि आत्मीयतेने काय साधते, याचा हा आपल्या डोळ्यांसमोरचा पुरावा आहे. मे महिन्यात संघ शिक्षा वर्गाची परंपरा जपणाऱ्या स्वयंसेवकांना उन्हाळा हा घडणीचा काळ असतो हे वेगळे सांगायला नको.

शिकवणारे कोण? महाविद्यालयाची परीक्षा देऊन मोकळे झालेले तरुण-तरुणी, निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले काका, बारावीपर्यंत शिकून घर सांभाळणाऱ्या भगिनी. यातील लाभ एकतर्फी नाही. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचे मूल कुठे राहते, घरी कोणती भाषा बोलते, सकाळी काय खाऊन येते, हे वसाहतीतील तरुणाला कदाचित प्रथमच कळेल. समरसता भाषणांतून उतरत नाही. ती एका सतरंजीवर शेजारी बसल्याने येते. परप्रांतातून आलेले मूल याच वर्गात मराठी वाचू लागले, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळालेल्या आपल्या भाषेची त्याहून मोठी सेवा कोणती?

खांदा कॉलनीपासून जवळच नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून वाहता झाला आहे. या परिसरात नवे उद्योग येतील, नव्या नोकऱ्या येतील. ज्यांच्या भूमीवर आणि ज्यांच्या घामावर हे उभे राहिले, त्यांची मुले त्या नोकऱ्यांच्या अर्जावरील ओळी वाचू शकतील की नाही, हे आज तिसरी-चौथीत ठरते आहे. प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक मंदिराच्या विश्वस्त मंडळाने येत्या सुटीत वीस मुलांचा विचार करावा. निकालाच्या दिवशी त्यांची नावे विचारून घ्यावीत आणि दुसऱ्याच सोमवारी सतरंजी अंथरावी.