'आदिम' कोण?

जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांत 'नेटिव्ह' हे विशेषण सर्रास आढळे. नेटिव्ह टाउन, नेटिव्ह प्रेस आणि आम्ही नेटिव्ह ख्रिश्चन! कोशात अर्थ केवळ 'एतद्देशीय'. बातमीत मात्र माणूस एक पायरी खाली उतरे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही तो शब्द होता. मुंबई-साष्टीच्या कॅथलिकांनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. त्यामागे नोकऱ्यांचे राजकारण होते, हे मान्य. तरी नाव त्यांनी स्वतः निवडले.

तेच आम्ही केळापूरच्या कोलामांना 'आदिम' लिहितो! १९७५ पासूनच्या सरकारी वर्गवारीत महाराष्ट्रातील कोलाम, कातकरी व माडिया गोंड 'प्रिमिटिव्ह' ठरले. २००६ मध्ये केंद्राने ते विशेषण काढून 'विशेष असुरक्षित' हा शब्द स्वीकारला. मराठी बातमीतून मात्र 'आदिम' गेला नाही. घरी कोलामी व पांढरकवड्याच्या बाजारात मराठी बोलणारा, कापसाच्या भावासाठी ताटकळणारा हा माणूस आदिम कसा? तो कर्जात बुडाला, तर मथळ्यात त्याला शेतकरी म्हणण्यास कोणाची हरकत आहे?

आमच्या लेखकांनीही हा शब्द वापरला आहे. संपादकांनी तो यापुढे खोडावा. 'कोलाम' एवढे पुरे.