गिटारवादकांची ज्येष्ठता यादी

अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक नियतकालिकाने जगातील सर्वश्रेष्ठ गिटारवादकांची यादी मोठ्या थाटाने प्रसिद्ध केली, ती २००३ मध्ये. ती शंभर जणांची होती. २०११ मध्ये दुसरी शंभरांची निघाली आणि २०२३ मध्ये अडीचशेंची. आमच्या पिढीतील अनेक सुशिक्षित मराठी माणसे, विशेषतः बदलीच्या गावी संध्याकाळ एकट्याने काढणारी, पाश्चात्त्य संगीताची वाट या याद्यांच्या आधारे शोधतात, आणि क्रमांकावरून वादकाचे मोल ठरवतात. म्हणूनच या याद्यांना करमणुकीचा मजकूर समजून सोडून देणे मला मान्य नाही.

तिन्ही याद्यांत पहिला जिमी हेंड्रिक्स आहे. त्याबद्दल माझी हरकत नाही. १९७० साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या या डावखुऱ्या वादकाने विजेच्या गिटारचा कर्कश प्रतिध्वनीसुद्धा स्वरासारखा वापरून दाखविला. त्यापूर्वी त्याला पुष्कळ जण दोष समजत. पण हेंड्रिक्सच्या खाली उतरू लागताच यादीची पायरी डळमळू लागते.

आपण बहुतेक सारे सरकारी नोकर. ज्येष्ठता यादी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. प्रथम तात्पुरती यादी फिरविली जाते, हरकती मागविल्या जातात, आणि कोणत्या निकषावर कोणाचा क्रमांक लागला हे नियमाचा हवाला देऊन सांगावे लागते. ज्याचा क्रमांक घसरला त्याला कारण विचारण्याचा हक्क असतो. या संगीतयादीला असा कोणताच नियम नाही. ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणजे हाताची तयारी, की नव्या वाटेचा शोध, की मागून आलेल्यांवरचा प्रभाव, की केवळ लोकप्रियता? कधी एक, कधी दुसरे, आणि कोणत्या नावापुढे कोणते माप लावले ते वाचकाने ओळखून घ्यायचे.

उदाहरणे पाहा. रॉबर्ट जॉन्सन हा मिसिसिपीचा ब्लूज गायक-वादक १९३८ मध्ये वारला. त्याची ध्वनिमुद्रित गीते एकोणतीस, सारी १९३६ आणि १९३७ मधली. त्यांत आता एका स्वराचीही भर पडणे शक्य नाही. तरी २००३ मध्ये पाचवा असलेला हा मनुष्य २०११ मध्ये एकाहत्तरावा झाला. मृत कर्मचाऱ्याची सहासष्ट जागांनी पदावनती केल्याचे आमच्या खात्यात तरी ऐकिवात नाही. उलट एडी व्हॅन हेलन २००३ मध्ये सत्तरावा होता, तो २०११ मध्ये आठवा झाला आणि २०२३ मध्ये चौथा. त्याच्या वाद्यवृंदाचा संपूर्ण नवा संग्रह १९९८ नंतर निघाला तो थेट २०१२ मध्ये. म्हणजे सत्तरावरून आठवर येताना त्याने नवे असे जवळजवळ काही वाजविलेच नव्हते. एरिक क्लॅप्टन चौथ्यावरून दुसऱ्यावर चढला आणि तेथून पस्तिसाव्यावर येऊन पडला. वाद्य तेच, मुद्रणे तीच, मग बदलले ते काय? बदलले ते परीक्षकांचे मंडळ. पहिली यादी मुख्यतः एका समीक्षकाच्या पसंतीने झाली, दुसरीसाठी वादक आणि जाणकार यांची मते घेतली. परीक्षक बदलताच निकाल इतका बदलत असेल, तर तो निकाल वादकांविषयी फारच थोडे सांगतो.

येथे कोणी म्हणेल की, २०२३ च्या यादीने जुने अन्याय दूर केले, हे तरी मान्य करा. सिस्टर रोझेटा थार्प सहावी आणि जोनी मिचेल नववी आली, याचा मलाही आनंद आहे. थार्पने चौथ्या-पाचव्या दशकांत ख्रिस्ती भजनांना विजेच्या गिटारची अशी जोड दिली की, पुढे रॉक अँड रोल म्हणून जे गाजले त्याचा पुष्कळसा भाग तिच्याकडे आधीच होता. ती १९७३ मध्ये वारली. जोनी मिचेलला बालपणी पोलिओ झाला, डाव्या हातात बळ राहिले नाही. नेहमीच्या पद्धतीने तारा दाबणे जड जाऊ लागले, तेव्हा तिने तारांची जुळवणीच बदलली आणि स्वतःच्या कितीतरी निराळ्या जुळवण्या शोधून काढल्या. अपंगत्वातून इतकी नवी स्वरसंगती निर्माण करणारा कलावंत विरळा. हे सारे १९७०च्या आसपासचे. मग २००३ मध्ये तिचा क्रमांक बहात्तर, २०११ मध्ये पंचाहत्तर, आणि थार्पचे तर दोन्ही याद्यांत नावच नाही, हे कसे? त्या दोन्ही याद्यांत शंभर नावांत बायका प्रत्येकी दोनच होत्या. चूक सुधारली हे ठीक. पण चूक कशी झाली याचा खुलासा न करता नवा क्रमांक तितक्याच अधिकारवाणीने जाहीर करणे, ही सुधारणा नव्हे. उद्या वारा फिरला की हाच न्याय उलट दिशेने वाहील.

पण माझे मुख्य भांडण याहून मोठे आहे. जँगो राइनहार्ट हे नाव घेतल्यावाचून गिटारविषयी जगात बोलता येऊ नये. फिरत्या जिप्सी कुटुंबातला हा मुलगा १९२८ मधील आगीत होरपळला, आणि डाव्या हाताची करंगळी व अनामिका जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने पॅरिसमध्ये जी द्रुत तानबाजी केली ती आजही धडधाकट हाताच्या वादकांना घाम फोडते. पहिल्या शंभरांच्या यादीत त्याला जागा नव्हती. आंद्रेस सेगोव्हियाने स्पॅनिश गिटारला मैफलीच्या व्यासपीठावर पियानोच्या आणि व्हायोलिनच्या बरोबरीने बसविले, त्यालाही नव्हती. बचाव ठरलेला असतो: आम्ही रॉक संगीताचे नियतकालिक आहोत. ठीक. मग मथळ्यावर ‘रॉक’ हा शब्द लिहा. आणि तो कुंपणाचा बचावही खरा नाही. कारण त्याच यादीत लेस पॉल आहे, जॉन मॅक्लॉफ्लिन आहे. कुंपणाला भोके आहेत, पण ती पाडणाऱ्याच्या सोयीची.

मॅक्लॉफ्लिनचेच पाहू. २००३ मध्ये एकोणपन्नासावा, २०११ मध्ये अडुसष्टावा. या इंग्रज माणसाने १९७०च्या दशकात एल. शंकर, झाकिर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा वाद्यवृंद उभा केला. पाश्चात्त्य गिटारवर गमक आणि मींड येईना, म्हणून त्याने पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरून घेतले आणि वाद्याला तरफेच्या तारा बसविल्या. वाद्याच्या अंगात शिरून दुसऱ्या परंपरेचा स्वर काढण्याचा असा खटाटोप त्या यादीतील किती जणांनी केला? हा खटाटोप ज्यांच्या मापात बसत नाही त्यांचे माप आखूड आहे.

आता आपल्या घरचे. २००३ च्या यादीत राय कूडर आठवा आहे. उत्तम वादक. त्याला १९९४ मध्ये ज्या संग्रहासाठी ग्रॅमी मिळाले, त्यात त्याच्या समोर बसून वाजविणारे होते जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट. गिटारलाच नव्या तारा आणि तरफा बसवून त्यांनी मोहनवीणा घडविली. पारितोषिक दोघांना विभागून मिळाले; यादीत जागा एकालाच. एकाच बैठकीतला एक वादक जगातील आठवा, आणि दुसरा शंभरांतही नाही! ही मुद्रणे ऐकावीत आणि कोण कोणाच्या मागे जातो, कोण वाट दाखवतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आमच्याकडे तुलना होत नव्हती असे नाही. १९२१ च्या संयुक्त मानापमानात केशवराव भोसले आणि बालगंधर्व समोरासमोर उभे राहिले, तेव्हा मुंबईच्या प्रेक्षागृहात मनोमन क्रमांक लागलेच. पण ते एकाच नाटकात, कान देऊन बसलेल्या माणसांनी लावलेले होते, आणि प्रत्येक जण आपली पसंती कारणांसह दुसऱ्याशी भांडून सांगू शकत होता. भजनाची साथ, जाझची तान आणि नृत्यगीताचा ठेका यांना एका शिडीवर चढवून पायऱ्या मोजण्याची कल्पना त्यांतील कोणाच्या डोक्यात आली नसती.

ज्याला गिटारची ओळख करून घ्यायची आहे त्याने यादी बाजूला ठेवावी आणि १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकावी. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर माणिकराव पोपटकर. आणि गिटारवर पंडित ब्रिजभूषण काब्रा, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. मांडीवर आडवे ठेवलेले हवाईयन वाद्य, त्याच्या तारांवर फिरणारी धातूची नळी, आणि त्यातून निघालेली अखंड मींड.